दिवसाची लाईन

माईकनं ओठाला चटका दिला तेव्हा माझं 'सन्माननीय सदस्य' एवढंच म्हणून झालं होतं. लहानसाच चटका, मुंगी चावावी एवढा. पण जिभेवर लगेच ती कळकलेली चव आली आणि मला कळलं की लातूरच्या या भल्यामोठ्या सभागृहाला अर्थिंग नाही. झुंबरं आहेत, एसी आहे, मागच्या भिंतीवर कारंज्यासारखा लुकलुकणारा दिव्यांचा पडदा आहे, आणि जमिनीत पुरायची पट्टी कुणी पुरलेली नाही. अशा ठिकाणी मी पाच आमदारांना वीज शिकवायला उभी. माईकवाला सुदर्शन वाकत वाकत आला आणि कानाशी म्हणाला, "मॅडम, जरा लांबून बोला. दोन दिसापासून करंट मारून राहिलाय." दोन दिवसांपासून! म्हटलं, मग कुणाला सांगितलं का नाहीस रे बाबा? तर म्हणे, "सगळे लांबूनच बोलून राहिले ना." त्याच्यावर काय खेकसणार? मी माईक चार बोटं लांब धरला आणि बोलायला लागले.

पुढच्या रांगेत आमचे शेषेराव साहेब बसले होते, वीज कंपनीचे कार्यकारी अभियंता, माझे वरिष्ठ. मांडीवर निळी फाइल. मी वाक्यात कुठं अडकले की ते मान हलवून पुढे जा म्हणून सांगत. त्यांच्या उजवीकडे गुबगुबीत खुर्च्यांत समिती. ऊर्जा अभ्यास समिती. अध्यक्ष रामलिंगअप्पा, दोन वेळा निवडून आलेले. पांढरा सदरा, हातात मोबाइल, मोबाइलवर अंगठा. बाकीच्या चौघांत एक झोपलेला, एक काजू खाणारा आणि दोघं एकमेकांच्या कानात हसणारे. मी सबस्टेशनचं चित्र दाखवलं, तिथून निघणारे फीडर, म्हणजे मोठ्या लाइनी, दाखवले, गावठाणाचा वेगळा, शेतीचा वेगळा. गावोगावच्या ट्रान्सफॉर्मरवर किती भार आहे तेही दाखवलं. काजूवाले म्हणाले, "मॅडम, ते राहू द्या. माझ्या मतदारसंघात नवी डीपी कधी बसवता तेवढं सांगा." डीपी म्हणजे ट्रान्सफॉर्मर. अर्धा तास मी हेच सांगत होते की वरची लाईन दुबळी आहे, खाली डीप्या वाढवून भागत नाही, उलट जळतात. मी म्हणाले, "साहेब, तेच सांगतेय." ते म्हणाले, "सांगू नका, बसवा." बाकीचे हसले. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. तुम्ही कायदे करणार, आठ तास वीज की बारा तास ते ठरवणार, आणि तुम्हाला फीडर आणि फोडणी यातला फरक कळत नाही! पण मीही हसले. नोकरीत तोंड आपोआप हसतं, त्याला विचारावं लागत नाही.

मला हे सगळं लवकर संपवायचं होतं आणि संपूही द्यायचं नव्हतं. सत्र संपलं की चहा, आणि चहानंतर समितीपुढं एकच अर्ज. हदगाव तालुक्यातल्या एका वाडीवरच्या मनकर्णाबाईचा. नवरा पिराजी, फेब्रुवारीत डीपीवर चढला असताना शॉक लागून गेला. आमचा चौकशी अहवाल त्या निळ्या फाइलीत होता: 'सदर इसम अनधिकृतपणे, वीजचोरीच्या उद्देशाने खांबावर चढला.' खाली शेषेराव साहेबांची सही, त्याखाली माझी. उज्वला, उपकार्यकारी अभियंता. समिती तो अहवाल मान्य करणार होती, अर्ज निकाली निघणार होता, आणि त्यानंतर पिराजी कायमचा चोर. मनकर्णाबाई बाहेर व्हरांड्यात पाण्याच्या टाकीशेजारी बसली होती. मी सकाळी तिच्या समोरून आत आले. ती उठून उभी राहिली आणि मी फोन कानाला लावला. फोन कुणाचाच नव्हता.

माझ्या मोबाइलमध्ये पिराजीचा नंबर अजून आहे, 'पिराजी झिरो' या नावानं. झिरो वायरमन म्हणजे काय ते खेड्यातल्या शेंबड्या पोराला ठाऊक असतं, अहवालात मात्र तो शब्द सापडायचा नाही. आमचा पगारी लाइनमन सात गावांना एक. तो येत नाही, आला तर दुसऱ्या दिवशी. मग गाव आपलाच एक माणूस धरतं, ज्याला खांबावर चढायची भीती नाही. तो फ्यूज टाकतो, तुटलेला जंप, म्हणजे लाईन आणि डीपी यांना सांधणारी तार, जोडतो, आणि लोक त्याला पायलीभर ज्वारी देतात, लग्नात आहेर देतात. आमच्याकडं त्याची नोंद नाही, म्हणून झिरो. पण कितीदा मीच फोन केलाय, "पिराजी, जरा बघता का हो?" तो म्हणायचा, "हाव मॅडम, चाललो." लुनावरून यायचा, मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळलेली पक्कड आणि वाळलेला बांबू घेऊन. पगारी लाइनमन खांबावर चढायच्या आधी सबस्टेशनला फोन करून परमिट घेतो, म्हणजे 'मी लाईनवर आहे, मी खाली उतरलो म्हणेपर्यंत सोडू नका.' झिरोला परमिट कुठलं? त्याचं परमिट म्हणजे आमचं टाइमटेबल. एक आठवडा शेतीची लाईन दिवसा, एक आठवडा रात्री. पिराजीनं ते गिरणीच्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवलं होतं, दर सोमवारी पुसून नवं. आमच्या टाइमटेबलवर एवढा भरवसा ठेवणारा माणूस कंपनीतसुद्धा सापडला नसता.

"हे बघा," मी आमदारांना म्हणाले, "शेतकऱ्याला रात्री पाणी द्यावं लागतं, कारण दिवसाची वीज शहराला आणि कारखान्याला लागते." अप्पांनी मान वर केली. "बरं का मॅडम, रात्री पाणी दिलेलं मी स्वतः दिलंय." दिलं असेल. माझ्या बापानंही दिलं, चाकूरजवळच्या आमच्या रानात, आणि सकाळी चिखलानं भरलेले पाय घेऊन तो ओट्यावर बसल्या बसल्या झोपायचा. आई त्याच्या हातातला चहाचा कप काढून घ्यायची. पण मी इंजिनियर झाले ते त्यामुळं नाही. मी झाले एका बल्बमुळं. किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी नऊ वर्षांची. मावशीचं घर तिकडंच होतं, घर कसलं, ढिगारा झाला होता. बापाबरोबर मी तिला भेटायला गेले तेव्हा ती तंबूत राहत होती. त्या दिवशी कुणी तरी मंत्री यायचे होते. दुपारपासून माणसं वायरी ओढत होती. संध्याकाळी प्रत्येक तंबूत एक एक बल्ब लागला आणि मावशी, जी महिनाभर बोलली नव्हती, ती म्हणाली, "अगं बया, उजेड!" मंत्री आले, बघून गेले. अर्ध्या तासानं एक माणूस आत आला आणि बल्ब काढायला लागला. गरम होता म्हणून त्यानं रुमालात धरून फिरवला. मावशी वर बघत राहिली. मीच ओरडले, "का काढता?" तो म्हणाला, "भाड्याचा हाय, पोरी." त्या माणसाचा इतका राग आला होता मला की मी मोठी होऊन खांबाखांबाला वायर लावीन आणि कुणाला काढू देणार नाही, असं रडत रडत बापाला सांगितलं. बाप म्हणाला, "लाव बाई, लाव."

आणि मग काय लावलं मी? पडद्यावर पुढचं चित्र आलं. फेब्रुवारीच्या अभ्यास दौऱ्याचा फोटो. हीच समिती, हदगावकडच्या एका हरभऱ्याच्या शेतात. पंपाच्या पाइपातून पाणी उसळतंय, अप्पा वाकून त्यात हात धुताहेत, कडेला मी, डोक्यावर टोपी, दात काढून हसणारी. कोपऱ्यात वेळ छापलेली, दहा वाजून वीस मिनिटं. हा फोटो मी काढून टाकला होता, शपथ घेऊन सांगते. शेषेराव साहेबांनी परत घातला असणार, "समितीला बरं वाटतं" म्हणून. अप्पांना खरंच बरं वाटलं. मोबाइल बाजूला ठेवून ते म्हणाले, "हां, हा दौरा चांगला झाला होता. दिवसा पाणी म्हणजे काय असतं ते तिथं कळलं आम्हाला. नाही का ओ शेषेराव?" साहेब अर्धे उठून म्हणाले, "होय अप्पा, उज्वला मॅडमचं नियोजन."

माझंच नियोजन. तो आठवडा रात्रपाळीचा होता. शेतीची लाईन सकाळी आठला बंद झाली होती आणि रात्रीपर्यंत येणार नव्हती. दौऱ्याच्या आदल्या दिवशी साहेब म्हणाले, "समितीला पाणी पडताना दिसायला पाहिजे मॅडम, कोरडा पंप काय दाखवणार?" मला ते पटलं. खोटं कशाला बोलू, पटलंच. मला वाटलं, भर उन्हात पाणी बघतील, त्या पाण्यात हात धुतील, आणि मुंबईला जाऊन दिवसाच्या लाईनीसाठी भांडतील. माणसाला शिकवायचं तर दाखवून शिकवावं. दहा वाजता मी सबस्टेशनचा ऑपरेटर मल्लेश याला फोन केला, अर्ध्या तासासाठी शेतीची लाईन सोडा. दाखवायला म्हणून. भाड्यानं आणलेल्या बल्बासारखी. तोंडी फोन, लेखी काही नाही, आमच्यात तशीच रीत आहे. साहेबाचा फोन आला की करायचं. पाणी आलं, फोटो निघाले. मध्येच पंप बंद पडला तेव्हा अप्पा हसून म्हणाले, "संपली का तुमची दिवसाची लाईन?" दोन मिनिटांनी परत सुरू झाला. टाळ्या पडल्या. आम्ही हरभऱ्याचे डहाळे खाल्ले. तिथून सहा किलोमीटरवर, त्याच फीडरवर, पिराजी डीपीवर जंप जोडत होता. गिरणीच्या भिंतीवर लिहिलं होतं, लाईन रात्री. अकराच्या सुमाराला आमच्या लाइनमनचा फोन आला. मी गाडीच्या मागं जाऊन तो घेतला आणि चूळ भरून परत आले. मागच्या गाडीतल्यांना सांगितलं की उन्हाचा त्रास झाला.

मनकर्णाबाई नांदेडच्या ऑफिसात आली ती पंधरा दिवसांनी. सोबत धाकटी मुलगी राजकन्या, शाळेचा गणवेश घातलेली. बाई खुर्चीवर बसेना. पिशवीतून तिनं ती पक्कड काढली आणि माझ्या टेबलावर ठेवली. "चोर असं अवजार घेऊन फिरतो का ओ मॅडम? पुऱ्या गावाला म्हाईत हाय, तुम्हालाबी म्हाईत हाय. मला दुसरं कायबी नगं. पयल्या कागदात चोर लिवलंय म्हणं, त्यो सबूद तेवढा काढा. पोरीला साळंत चोराची पोर म्हणून राहिलेत." राजकन्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होती. मी म्हणाले, बघते. "आणिक एक," बाई म्हणाली, "ते पयल्या झटक्यानं न्हाई गेले. खांबालाच अडकले हुते, बोलून राहिले हुते. बंद झाली रे, काढा मला, असं म्हणले. गिरणीवाला शिडी आणाया पळाला. आन् परत लाईन आली. दोनदा कशी येईल ओ?" मी फाइलीवरची धूळ पुसली. धूळ नव्हतीच. म्हणाले, "ते चौकशीत निघेल." ती म्हणाली, "बरं," आणि पक्कड परत पिशवीत ठेवून गेली. मी दार लावून घेतलं आणि टेबलावर डोकं टेकवून बसले. रडू आलं नाही. राग आला, तोही तिचाच. काय गरज होती मला हे सांगायची?

चौकशीत काही निघालं नाही. चौकशी साहेबांनीच केली, एका दुपारात, सबस्टेशनला जाऊन लॉगशीट बघून आले म्हणे, म्हणजे ऑपरेटर तासातासाला भरतो तो कागद. अहवाल मी त्यांच्या केबिनमध्ये वाचला. 'चोरी' शब्दावर बोट ठेवलं तर ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, तो शब्द काढला तर प्रश्न येतो की तो का चढला. मग, लाईन का होती. मग, कुणी सोडली. बघा बाई, तुमचं तुम्ही ठरवा." मी ठरवलं. पेनसुद्धा त्यांचंच होतं.

"प्रश्न असतील तर शेवटी विचारा," मी सुरुवातीला सांगितलं होतं. आता शेवट आला होता. कुणालाच प्रश्न नव्हता. मागं कपबश्यांचा आवाज सुरू झाला. अप्पांनी घड्याळ बघितलं, निळ्या फाइलीकडं हात केला आणि म्हणाले, "तो अर्ज आत्ताच उरकू या ना, चहाबरोबर कशाला? शेषेराव, हे ते चोरीचं प्रकरण ना? ठीक आहे. मान्य. मॅडम, तुमचं काही म्हणणं?" मला विचारायचं म्हणून विचारलं, पाहुण्याला अजून एक पोळी वाढू का विचारतात तसं. माझ्या मनात मी आठ महिने एक भाषण पाठ केलं होतं. त्यात मी सांगणार होते की लाईन मी सोडायला लावली, दौऱ्यासाठी, तुमच्यासाठी. म्हणजे दोष थोडा माझा, थोडा साहेबांचा, बराचसा यांचा. हे ऐकून यांची तोंडं कशी होतील तेही मी ठरवून ठेवलं होतं. मी म्हणाले, "आहे म्हणणं. वीज पुरवठ्यात नोंदी कशा होतात हे दाखवायचं राहिलं. एक फोन लावते." साहेबांनी मान हलवली, पुढे जा म्हणून. त्यांना वाटलं, शिकवण्याचाच भाग.

मी मल्लेशला फोन लावला आणि मोबाइल माईकला टेकवला. बाहेरच्या व्हरांड्यातही कर्णे होते, सकाळच्या शेतकरी मेळाव्यासाठी लावलेले, ते सुरूच होते. "मल्लेश, फेब्रुवारीचं लॉगशीट काढा. दौऱ्याचा दिवस." कागद उलटल्याचा आवाज साऱ्या सभागृहात घुमला. माझा बेत साधा होता. त्या रकान्यात काही लिहिलेलं नसणार, तोंडी आदेश कोण लिहितो? मग मी सगळ्यांसमोर म्हणणार होते, आता लिहा, उज्वला मॅडमच्या सांगण्यावरून. मोठेपणाचं काम. "सापडलं मॅडम. वाचू का?" मोठ्यानं वाचा, मी म्हणाले.

"आठ वाजता, शेती फीडर बंद, टाइमटेबलपरमाणं. दहा पाच, उज्वला मॅडमचा फोन, आमदार लोकांचा दौरा हाय, लाईन सोडली." लिहिलं होतं. अप्पा ताठ बसले. झोपलेले जागे झाले. "दहा चोवीस, लाईन ट्रिप, आपोआप बंद." मल्लेश थांबला. "म्होरलं वाचू का मॅडम?" पाठ केलेलं भाषण तिथंच संपलं. त्याच्या पुढचं मी स्वतःलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं. फोन बंद करता आला असता, एक बोट लागलं असतं फक्त. साहेब उभे राहून हातानं बंद करा, बंद करा म्हणत होते. "वाचा," मी म्हणाले.

"दहा सव्वीस. मॅडमचा दुसरा फोन. म्या म्हणलं, लाईन ट्रिप झालीय, कुठं काय झालंय बघून येऊ द्या. मॅडम म्हणल्या, पावणे हसून राहिलेत, आधी सोडा. सोडली."

कपबश्या थांबल्या. मी विचारलं, "मल्लेश, हे कधी लिहिलं?" "तवाच मॅडम. मला लेकरंबाळं हायेत." "आणि खाली सही कुणाची?" "तुमचीच की. दुसऱ्या दिशी उभ्या उभ्या करून गेलात. चौकशीवाले सायबबी करून गेले. म्या वाट बघितली कोण काय इचारतं म्हणून. कुनी वाचलंच न्हाई."

"बंद करा हा तमाशा," अप्पा ओरडले. "शेषेराव, ह्या बाईंना काय झालंय? आम्ही कुठं म्हणलं होतं लाईन सोडा म्हणून?" खरं होतं ते. कुठं म्हणाले होते? त्यांच्यावर ओतायला म्हणून आठ महिने साठवलेला संताप मी शोधत होते आणि तो सापडत नव्हता. समोर नुसता एक म्हातारा होता, ज्यानं माझ्याच सांगण्यावरून त्या पाण्यात हात धुतले होते. साहेब माझ्याकडं यायला निघाले. सुदर्शन माईकची वायर उपटू का म्हणून त्यांच्या तोंडाकडं बघत होता. सभागृहाचं मागचं दार किलकिलं झालं आणि तिथं मनकर्णाबाई उभी राहिली, पिशवी छातीशी धरून. कर्ण्यावरून ऐकलं होतं तिनं सगळं. आत यायचं की नाही हे तिला कळत नव्हतं.

मी माईक ओठाजवळ धरला. चटका बसला. मी तो लांब केला नाही. म्हणाले, "पिराजी चोर नव्हता. टाइमटेबलप्रमाणं त्या वेळी लाईन बंद होती, म्हणून तो चढला. लाईन मी सोडायला लावली. पहिल्यांदा सोडली तेव्हा शॉक लागूनही तो जिवंत होता. दुसऱ्यांदाही मीच सोडायला लावली."